बारा सेन्सर, बारा फंक्शन्स आणि एक क्र: आर मधल्या क्लोजरच्या प्रकल्प नोंदी

३ मार्च

आर (आकडेवारीसाठी वापरली जाणारी R ही प्रोग्रामिंग भाषा) मध्ये काम सुरू केलं. १२ तापमान सेन्सर आहेत, प्रत्येकाचं रीडिंग थोडं थोडं चुकतं आणि प्रत्येकाचं चुकणं वेगळं, त्यामुळे प्रत्येकाला स्वतःचं दुरुस्तीचं फंक्शन हवंय, कच्चं रीडिंग आत टाकलं की खरं तापमान बाहेर. स्लोप (रीडिंगला गुणायचा आकडा) आणि इंटरसेप्ट (वर मिळवायचा आकडा) रिग्रेशनमधून आधीच काढलेत, ते "गुणक" नावाच्या डेटाफ्रेममध्ये, म्हणजे तक्त्यात आहेत, १२ ओळी.

(या नोंदीत कोड देवनागरीत उतरवून लिहितेय, खऱ्या फाईलमध्ये नावं वेगळी आहेत.)

फंक्शन बनवणारं फंक्शन असं:

बनव <- फंक्शन(स्लोप, इंटरसेप्ट) {
  फंक्शन(रीडिंग) स्लोप * रीडिंग + इंटरसेप्ट
}

आणि लूप:

फॉर (क्र इन १:१२)
  यादी[[क्र]] <- बनव(गुणक$स्लोप[क्र], गुणक$इंटरसेप्ट[क्र])

आतलं फंक्शन ज्या जागी जन्मलं तिथले स्लोप आणि इंटरसेप्ट सोबत घेऊन बाहेर येतं, हेच क्लोजर. मला ही रचना मनापासून आवडते कारण पुढे यादी[[७]](८०) इतकंच लिहायचं, सातव्या सेन्सरचे आकडे कुठे ठेवलेत हे वापरणाऱ्याला माहीत असायची गरजच नाही.

२५ अंशांवर तपासलं, सगळे २५ च्या आसपास येतायत. आजचं झालं.

४ मार्च

सकाळीच टीममधल्याचा मेसेज, "अगं तुझी सगळी फंक्शन्स एकच उत्तर देतायत बघ."

खरंच देतायत. ८० रीडिंगला सेन्सर १ चं उत्तर ८१.२ यायला हवं (१.०२ गुणिले ८० वजा ०.४), सेन्सर ७ चं ७८.४ (०.९७ गुणिले ८० अधिक ०.८), आणि दोघांचं येतंय ८२.९. ते सेन्सर १२ चं उत्तर आहे, १.०५ गुणिले ८० वजा १.१. काल लक्षात आलं नाही कारण २५ अंशांना तिघांची उत्तरं २५.१, २५.०५ आणि २५.१५ अशी अगदी खेटून येतात. सगळे सेन्सर त्याच तापमानाच्या आसपास जुळवलेले असल्यामुळे तिथे चूक दिसणारच नव्हती, आणि मी नेमकं तिथेच तपासलं. यापुढे टेस्ट रेंजच्या टोकाला करायची, मधे नाही.

पण खरी गोंधळात टाकणारी गोष्ट पुढे आहे. सेन्सर ३ बरोबर येतोय! ७९.५, हिशोबाने बरोबर. सेन्सर १२ ला त्याचंच उत्तर मिळतंय ते ठीक, पण बाकी ११ पैकी १० बिघडलेले आणि एक शाबूत, आणि शाबूत राहायचं काही कारण समोर दिसत नाही.

बनव च्या आत एक प्रिंट टाकून बघितलं, स्लोप आणि इंटरसेप्ट काय येतायत ते दाखव म्हणून. बाराही जोड्या बरोबर छापल्या गेल्या आणि बाराही फंक्शन्स बरोबर चालायला लागली. प्रिंट काढलं, परत ८२.९. बघायला गेलं की बरं होतं आणि पाठ फिरवली की परत बिघडतं, संध्याकाळपर्यंत यातच गेले. आर चा ब्राउझर (चालू फंक्शन मधेच थांबवून आत बघायची सोय) लावून पण तेच, तिथे स्लोप आणि इंटरसेप्ट टाईप केलं की ते फंक्शन तिथल्या तिथे सुधारतं.

५ मार्च

सापडलं. नीट लिहून ठेवते कारण अर्धवट कळलेलं परत विसरायला होतं.

आर मध्ये फंक्शनला आर्ग्युमेंट दिलं की त्याची किंमत लगेच काढली जात नाही. आर एक प्रॉमिस तयार करतं आणि त्यात तीन गोष्टी असतात, लिहिलेलं एक्स्प्रेशन जसंच्या तसं, ते कुठल्या एन्व्हायर्नमेंटमध्ये (नावं आणि त्यांच्या किंमती ठेवलेल्या जागेत) सोडवायचं ते, आणि किंमतीसाठी एक रिकामी जागा. आर्ग्युमेंट पहिल्यांदा खरोखर वापरलं जातं तेव्हा एक्स्प्रेशन सोडवलं जातं, किंमत त्या जागेत बसते आणि तिथून पुढे तीच वापरली जाते, परत कधी सोडवलं जात नाही. लेझी इव्हॅल्युएशन म्हणतात ते हेच.

आता लूपकडे बघा. बनव ला स्लोप म्हणून जे मिळालं तो १.०२ नव्हताच, ते "गुणक$स्लोप[क्र]" हे वाक्य होतं, ग्लोबलमध्ये (सगळ्यात बाहेरच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये) जाऊन सोडव असा शेरा मारलेलं. बनव स्वतः स्लोप ला हात लावत नाही, ते फक्त आतलं फंक्शन तयार करून परत देतं. म्हणजे लूप संपेपर्यंत एकही प्रॉमिस सोडवलं गेलेलं नाही. लूप संपला, क्र १२ वर थांबला (आर मध्ये लूपनंतरही ते व्हेरिएबल राहतं), आणि मग मी यादी[[१]](८०) म्हटलं तेव्हा कुठे ते वाक्य सोडवायला घेतलं गेलं, तेव्हाच्या क्र ने.

सेन्सर ३ का वाचला? लूपमध्येच मी एक ओळ लिहून ठेवली होती, क्र ३ असेल तर लगेच एक रीडिंग टाकून बघ अशी. तेव्हा क्र खरोखर ३ होता, प्रॉमिस त्याच क्षणी सुटलं आणि बरोबर किंमत कायमची बसली. आणि प्रिंट टाकल्यावर सगळं सुधारायचं ते पण याच्यामुळेच, प्रिंटला किंमत लागते म्हणून प्रॉमिस सुटतं.

न सोडवता आत डोकावायची एक युक्ती मिळाली ती इथे टिपून ठेवते: सब्स्टिट्यूट(स्लोप, एन्व्हायर्नमेंट(यादी[[७]])). सब्स्टिट्यूट किंमत मागत नाही, प्रॉमिसमधलं एक्स्प्रेशन तेवढं काढून दाखवतं. बारा फंक्शन्सवर चालवलं आणि बारा वेळा अक्षर न अक्षर तेच आलं, गुणक$स्लोप[क्र], गुणक$स्लोप[क्र], गुणक$स्लोप[क्र]. ते बारा सारखे शब्द एकाखाली एक बघितले आणि तिथेच डोक्यात प्रकाश पडला, कालपासून मी बारा वेगवेगळे आकडे साठवलेत असं समजून चालले होते आणि आकडा एकही साठवला नव्हता.

एक प्रयोग पण केला. नवीन सेशन उघडलं, यादी बनवली, कुठलंही फंक्शन बोलावलं नाही, मग आलेख काढायला म्हणून क्र १ ते ५ असा दुसरा लूप चालवला आणि मग सेन्सर १ ला ८० दिलं. उत्तर ८०.६, सेन्सर ५ चं. म्हणजे काल १२ व्या सेन्सरचं, आज ५ व्याचं, कोड तोच. आणि क्र काढूनच टाकला तर ऑब्जेक्ट सापडत नाही अशी एरर, ती पण फंक्शन बनवताना नाही, वापरताना, जिथे क्र नावाचं काही असतं हेच कोणाला माहीत नाही.

६ मार्च

दुरुस्ती दोन ओळींची.

बनव <- फंक्शन(स्लोप, इंटरसेप्ट) {
  फोर्स(स्लोप)
  फोर्स(इंटरसेप्ट)
  फंक्शन(रीडिंग) स्लोप * रीडिंग + इंटरसेप्ट
}

फोर्स मध्ये काही जादू नाही, ते आलेलं आर्ग्युमेंट तसंच परत देणारं फंक्शन आहे, पण द्यायचं म्हणजे आधी सोडवावं लागतं. नुसती "स्लोप" अशी ओळ लिहिली तरी तोच परिणाम होतो, फक्त नंतर कोणीतरी ती निरर्थक ओळ समजून पुसून टाकेल, फोर्स लिहिलं की हेतू कळतो. आणि फोर्स च्या स्वतःच्या हेल्प पानावर उदाहरण काय आहे तर हाच लूप, ५ फंक्शन्स आणि पहिल्याला विचारलं तरी उत्तर ५.

टीममध्ये चर्चा झाली की ही काळजी कोणी घ्यायची, लूप लिहिणाऱ्याने का बनव लिहिणाऱ्याने. लूपमध्ये लोकल चा ब्लॉक घालून प्रत्येक फेरीत क्र ची वेगळी प्रत ठेवता येते, ते पण चालतं. पण माझं ठाम मत, जे फंक्शन दुसरं फंक्शन बनवून परत देतं त्यानेच फोर्स करावं. बोलावणारे दहा जण असतील, दहा ठिकाणी लोकल लिहायला सांगणार का आपण, आणि अकरावा विसरला की चूक परत तशीच गुपचूप.

९ मार्च

एकाने सुचवलं की लूप काढ आणि लॅपप्लाय (यादीतल्या प्रत्येकावर दिलेलं फंक्शन चालवणारं फंक्शन) वापर, मग फोर्स पण नको. करून बघितलं, फोर्स काढून, खरंच बरोबर चालतं. कारण शोधलं तर आर ३.२.० मध्ये (एप्रिल २०१५) हा बदल केलाय, अप्लाय कुटुंबातली फंक्शन्स आणि रिड्यूस ज्या फंक्शनला बोलावतात त्याचं आर्ग्युमेंट आता आधीच सोडवून घेतात, नेमका हा क्लोजरचा घोळ टाळायला.

पण मला हे पुरेसं वाटेना. एक तर एका जुन्या मशीनवर अजून ३.१.२ आहे, तिथे क्रमांकांवर लॅपप्लाय करून चालवलं आणि सगळे परत सेन्सर १२. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं, आणि ते नवीन आवृत्तीवर पण लागू आहे. आपलं बोलावणं असं आहे:

लॅपप्लाय(१:१२, फंक्शन(क्र) बनव(गुणक$स्लोप[क्र], गुणक$इंटरसेप्ट[क्र]))

लॅपप्लाय सोडवतं फक्त क्र. क्र प्रत्येक फेरीचा स्वतःचा होतो त्यामुळे तो आता हलणार नाही, पण "गुणक$स्लोप[क्र]" हे अख्खं वाक्य अजून प्रॉमिसच आहे, आणि गुणक कुठलं, तर ग्लोबलमधलं. मी यादी बनवली, मग गुणक चढत्या स्लोपवर सॉर्ट केलं (अहवालासाठी हे कोणीही करेल), आणि मग सेन्सर १ बोलावला, तर सगळ्यात कमी स्लोप असलेल्या सेन्सरचे आकडे आले. क्र १ च होता, खालची डेटाफ्रेम बदललेली होती.

फोर्स परत घातलं. फॉर लूपला तर ३.२.० च्या बदलाचा काही फायदाच नाही, तो आजही जसा होता तसाच आहे.

१० मार्च

सेन्सरची रेंज सोडून किती रीडिंग आली ते मोजायचंय, तर क्लोजरमध्येच मोजणी ठेवली. बनव मध्ये बाहेर <- ० आणि आतल्या फंक्शनमध्ये रीडिंग रेंजबाहेर गेलं की बाहेर <<- बाहेर + १. दुहेरी बाणामुळे आतल्या फंक्शनचं स्वतःचं व्हेरिएबल तयार न होता वरच्या एन्व्हायर्नमेंटमधलं बदलतं, आणि बनव दर वेळी नवीन एन्व्हायर्नमेंट देतं त्यामुळे बारा मोजण्या एकमेकांत मिसळत नाहीत.

लक्षात ठेवायचं एवढंच की बनव मधली "बाहेर <- ०" ही ओळ राहून गेली तर दुहेरी बाण वर वर शोधत जातो आणि कुठेच नाही सापडलं तर ग्लोबलमध्ये जाऊन लिहितो. तिथे आधीच्या कुठल्या कामाचं "बाहेर" पडलेलं असलं की सगळे सेन्सर त्या एकाच आकड्यात भर घालत बसतात आणि एरर काहीच येत नाही.

ही मोजणी लिहिताना आर सोबत येणारा स्कोपिंगचा डेमो परत चालवून बघितला, डेमो(स्कोपिंग). त्यात बँक खातं उघडणारं फंक्शन आहे, शिल्लक क्लोजरमध्ये, खातेदार रॉस आणि रॉबर्ट. म्हणजे रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन, ज्यांनी ऑकलंड विद्यापीठात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आर लिहायला घेतलं. दिसायला भाषा एस सारखी ठेवली, जी बेल लॅब्समध्ये जॉन चेंबर्स आणि सहकाऱ्यांनी १९७६ पासून घडवली, पण आतली स्कोपची, म्हणजे नाव कुठे शोधायचं त्याची कल्पना स्कीम या भाषेकडून घेतली. एस मध्ये फंक्शनला एखादं नाव स्वतःत सापडलं नाही की ते ग्लोबलकडे जायचं, जिथे फंक्शन जन्मलं तिथे नाही, म्हणजे माझं बनव तिथे असं सरळ चाललंच नसतं. या एका निर्णयाचे मला रोज आभार मानावेसे वाटतात, आज बारा मोजण्या दहा ओळींत झाल्या त्या त्याच्यामुळे.

१२ मार्च

फोर्स सगळीकडे घालत सुटायचं का? आज उलट बाजूचं उदाहरण हाताला लागलं.

प्रमाण त्रुटी काढणारं छोटं फंक्शन आहे, आर्ग्युमेंट दोन, क्ष आणि न, आणि न ची डीफॉल्ट किंमत लेंग्थ(क्ष). आत पहिली ओळ क्ष मधल्या एनए (न मिळालेल्या किंमती) काढून टाकते, शेवटची ओळ एसडी(क्ष), म्हणजे प्रमाण विचलन, भागिले वर्गमूळ न. क्ष मध्ये १० आकडे, त्यातले २ एनए. नुसता क्ष दिला तर न येतो ८. पण कोणी सगळं स्पष्ट लिहावं म्हणून न = लेंग्थ(क्ष) असं स्वतः दिलं तर न येतो १० आणि उत्तर जवळपास साडेदहा टक्क्यांनी कमी. डीफॉल्ट म्हणून जे लिहिलंय अक्षरशः तेच बोलावताना लिहिलं, आणि उत्तर बदललं!

कारण डीफॉल्ट आर्ग्युमेंट फंक्शनच्या आतल्या एन्व्हायर्नमेंटमध्ये सोडवलं जातं आणि ते पण गरज पडेल तेव्हा, तोपर्यंत आतला क्ष ८ आकड्यांचा झालेला असतो. बाहेरून दिलेलं मात्र बोलावणाऱ्याच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये सोडवलं जातं, तिथे क्ष अजून १० चाच.

इथे सुरुवातीलाच फोर्स(न) घातलं असतं तर न १० झाला असता, म्हणजे बरोबर चालणारं चुकीचं केलं असतं. मी न हे आर्ग्युमेंटच काढून टाकलं, एनए काढल्यावर आत न <- लेंग्थ(क्ष), संपलं. तर नियम "आर्ग्युमेंट दिसलं की फोर्स" असा नाही ठेवायचा. फोर्स लागतं ते आर्ग्युमेंट क्लोजरसोबत बाहेर पडून नंतर वापरलं जाणार असेल तेव्हा. बाकी ठिकाणी लेझी असण्याचे फायदे मी रोज घेते, आलेखाच्या अक्षावर वापरणाऱ्याने लिहिलेलंच एक्स्प्रेशन नाव म्हणून येतं ते प्रॉमिसमुळे, आणि जी मोठी फाईल एखाद्या आर्ग्युमेंटच्या डीफॉल्टमध्ये आहे ती लागली नाही तर वाचलीच जात नाही.

१३ मार्च

प्रत्येक फंक्शन वेगळ्या फाईलमध्ये सेव्ह करायचं होतं, सेव्हआरडीएस ने, कॉम्प्रेस बंद ठेवून. दोन आकडे, एक मोजणी आणि एका ओळीचं फंक्शन, आणि फाईल ३० एमबीच्या वर. ऑब्जेक्ट साईझ विचारलं तर काही किलोबाईट सांगतंय, कारण ते एन्व्हायर्नमेंटच्या आतलं मोजतच नाही.

कालच मी नीटनेटकं दिसावं म्हणून बनव उचलून "तयार_कर" या मोठ्या फंक्शनच्या आत नेलं होतं. तयार_कर मध्ये कच्चा डेटा वाचला जातो, २० लाख ओळी, वेळ आणि रीडिंग असे दोन कॉलम, दर आकड्याला ८ बाईट म्हणजे ३ कोटी २० लाख बाईट, तेच हे वजन. बनव त्याच्या आत जन्मलं म्हणून बनव ने दिलेल्या फंक्शनच्या मागे बनव चं एन्व्हायर्नमेंट, त्याच्या मागे तयार_कर चं, आणि त्यात कच्चा डेटा. सेव्ह करताना अख्खी साखळी जाते. ग्लोबल असतं तर त्याचा फक्त उल्लेख गेला असता, पण फंक्शनच्या आतलं एन्व्हायर्नमेंट सगळ्या सामानासकट जातं.

बनव परत बाहेर काढलं, फाईल काही किलोबाईट.

मग सहज म्हणून फोर्स च्या दोन ओळी काढून परत सेव्ह केलं आणि फाईल परत ३० एमबीच्या वर गेली! बनव बाहेर असूनही. कारण न सुटलेल्या प्रॉमिसला कुठे सोडवायचं ते एन्व्हायर्नमेंट धरून ठेवावंच लागतं, आणि ते लॅपप्लाय मधल्या छोट्या फंक्शनचं, जे तयार_कर च्या आत जन्मलंय, म्हणजे मागोमाग कच्चा डेटा. प्रॉमिस सुटलं की आर ते एन्व्हायर्नमेंट सोडून देतं, किंमत आणि एक्स्प्रेशन तेवढं राहतं. चुकीच्या उत्तरांसाठी घातलेल्या त्याच दोन ओळींनी मेमरीचं ओझं पण उतरवलं, हे मला आधी अजिबात सुचलं नव्हतं.

(एलएम, म्हणजे आर च्या रिग्रेशनच्या फंक्शनचं अख्खं मॉडेल क्लोजरमध्ये ठेवायचा मोह होतो, ठेवू नये, त्यातल्या फॉर्म्युलाला पण स्वतःचं एन्व्हायर्नमेंट असतं आणि परत तेच. फक्त कोएफिशियंट काढून घ्यायचे.)

१६ मार्च

टेस्टदॅट (आर चं टेस्ट लिहायचं पॅकेज) मध्ये टेस्ट लिहिली. आधीची टेस्ट फंक्शन बनवून लगेच वापरायची, त्यामुळे ती ही चूक पकडूच शकत नव्हती, ज्या क्षणी बोलावलं त्या क्षणी क्र बरोबरच असायचा. नवीन टेस्टचा क्रम असा: फॉर लूपने बारा फंक्शन्स बनवायची, एकालाही हात लावायचा नाही, क्र ला ५ करायचं, गुणक उलट्या क्रमाने लावायचं, आणि मग पहिल्यांदा प्रत्येकाला ० आणि ८० देऊन आधी हाताने लिहून ठेवलेल्या उत्तरांशी ताडायचं. वर सेव्ह केलेल्या फाईलचा आकार १०० किलोबाईटच्या आत आहे का, ते पण.

फोर्स च्या ओळी काढून चालवली, टेस्ट पडली. परत घातल्या, पास झाली. मग इंटरसेप्ट चं फोर्स तेवढं काढून बघितलं, स्लोप चं ठेवून, तरी पडली, कारण क्र ५ आणि गुणक उलटं, त्यामुळे सातव्याला ० दिलं की ०.८ च्या जागी दुसऱ्याच सेन्सरचा इंटरसेप्ट येतो. जुन्या ३.१.२ च्या मशीनवर टेस्टदॅट नाही, तिथे हीच तपासणी स्टॉपइफनॉट (अट खोटी निघाली की थांबवणारं फंक्शन) ने साध्या स्क्रिप्टमध्ये लिहून चालवली, पास. मर्ज केलं.

राहिलेलं: रेंजबाहेरची मोजणी शून्यावर परत आणायची सोय, आणि सेन्सर ९ चे गुणक परत काढायचेत, त्याचे कच्चे आकडेच मधे तुटलेले आहेत.